कंपोस्ट टीसाठी खत निवडताना या चुका टाळा

कंपोस्ट टी, म्हणजे कुजलेलं खत गुळाच्या पाण्यात भिजवून, हवा सोडून केलेलं द्रावण, बिघडला की लोक एअर पंप बदलतात, गूळ कमी-जास्त करतात. खताकडे कोणी बघत नाही. अहो, जिवाणू खतातूनच येतात. हवा आणि गूळ फक्त त्यांची संख्या वाढवतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अर्धकच्चं शेणखत. शेजारच्या गावातल्या एका तरुणानं उकिरड्याच्या वरच्या थरातलं खत पोत्यात बांधून 200 लिटरच्या ड्रममध्ये सोडलं, वर दोन किलो गूळ. सकाळी झाकण काढलं तर डोळ्यांना झोंबणारा वास. तरी त्यानं ते गाळून काढणीला आलेल्या मेथीवर फवारलं. कच्च्या शेणात ई. कोलाय हा आजारी पाडू शकणारा जिवाणू असू शकतो, आणि गूळ मिळाला की तोही वाढतो. ती मेथी मी बाजारात जाऊ दिली नाही, त्याला नांगरून टाकायला लावली. पोरगा चिडला, पण ती भाजी लेकराबाळांच्या ताटात जाणार होती. ढीग 55 अंशांच्या वर तापायला हवा, पलटायला हवा, मग पूर्ण निवायला हवा. याला महिने लागतात. तेवढा धीर नसेल तर टीच्या नादी लागू नका.

"जीवामृतात (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रावण) ताजं शेण चालतं की!" हे हमखास ऐकवलं जातं. मी तेही पालेभाजीच्या पानांवर मारू देत नाही, मुळाशी घाला.

माझी परीक्षा सोपी आहे. मूठभर खत ओलं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून दोन-तीन दिवस सावलीत ठेवतो. उघडल्यावर मातीचा वास आला तर घ्यायचं. आंबूस किंवा अमोनियासारखा आला तर ढीग अजून कच्चा.

दुसरी चूक दुकानातल्या गांडूळखताची. उन्हात वाळवून चाळलेली, गोदामात पडून राहिलेली भुकटी शेतात टाकायला ठीक, टीसाठी नाही. वाळल्यावर बरेचसे जीव मरतात, उरलेले सुप्त होतात. मी थेट गांडुळांच्या बेडवरून (वाफ्यातून) ओलसर खत आणतो. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पाणी गळू नये. आणलं की एक-दोन दिवसांत वापरायचं, आणि तोवर पोत्याचं तोंड उघडं ठेवायचं.

तणनाशक मारलेलं गवत गेलेला ढीग नको. जनावरांना नुकतंच जंताचं औषध दिलं असेल तर ते शेण गांडुळांच्या बेडवर टाकू नका. साखर कारखान्यातून आलेली ताजी, गरम प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ) आधी कुजवा. फळझाडांसाठी झाडाखालचा कुजलेला पालापाचोळा थोडा मिसळा, बुरशी तिथून मिळते.