अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर नवीन गाठ दिसली तर काय करायचं

ऑपरेशन झालं, टाके सुकले, पेशंट थोडं थोडं खायलाही लागला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, पण पहिली दोन वर्षं डोळे उघडे ठेवायचे कारण हा आजार परत आला तर बहुतेकदा याच काळात येतो. सहसा लिम्फ नोड (मान, छाती, पोटातल्या लसिका ग्रंथी), लिव्हर, फुप्फुस किंवा हाडात. क्वचित मात्र भलत्याच ठिकाणी, म्हणजे डोक्याची कातडी, मांडी-पाठीचा स्नायू, थायरॉइड, हिरडी, अगदी हृदयात सुद्धा.

म्हणून अंघोळीच्या वेळी अंगावरून हात फिरवायचा, मानेच्या खाली हसळीच्या (कॉलरबोनच्या) वर नक्की. नवीन, घट्ट, वाढत जाणारी गाठ लागली तर मोबाईलवर फोटो काढा, तारीख लिहा आणि पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता सर्जनला दाखवा. चरबीची गाठ असेल म्हणून शेक-लेप करत बसू नका (हे घरोघरी चालतं!). अर्थात प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, ते सुईची तपासणी किंवा बायोप्सीच सांगते. पहिल्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट सोबत न्या, शक्य झालं तर जुन्या स्लाइड (काढलेल्या गाठीचे नमुने असलेल्या काचपट्ट्या) पण, ताडून बघता येतं. मग बहुतेक पेट-सीटी (अंगभर कुठे कॅन्सर आहे का ते बघणारा स्कॅन) सांगतात, कारण गाठ एकच आहे की अजून कुठे आहे त्यावरच पुढचं ठरतं, केमो, रेडिएशन, इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) की ऑपरेशन करून काढून टाकणं.

आणि नवीन डोकेदुखी, फिट, हातापायात अचानक कमजोरी असं काही झालं तर थेट इमर्जन्सी गाठा.