मोडका सेट बदलून मागताना

पोलीस कार्यालयाच्या साहित्य शाखेत, म्हणजे वस्तू आणि गाड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या शाखेत, नव्याने रुजू झालेल्या लिपिकांसाठी हे लिहितेय. लेखाशीर्षं (खर्चाची खाती), बीडीएस (निधी वाटपाची संगणक प्रणाली), जेम या सरकारी पोर्टलवरची खरेदी हे सगळं टेबलावर बसलं की चार महिन्यांत जमतं, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. ज्या एका गोष्टीने माझं अख्खं आर्थिक वर्ष खाल्लं, तीच सांगते.

शहर वाढलं की पोलीस घटक फुटतात. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी पुणे शहर आणि पुणे ग्रामीणमधून निघालं. मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय ऑक्टोबर २०२० मध्ये ठाणे ग्रामीण आणि पालघरमधून झालं. मी रुजू झाले ते कार्यालयही असंच फोडून काढलेलं. ठाणी आली, माणसं आली, गाड्या आल्या, वायरलेसचे हँडसेट आले. जडसंग्रह नोंदवही, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंद असलेली वही, मात्र जुन्या घटकातच राहिली आणि त्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

आम्हाला ६४ हँडसेट बदलायचे होते. बॅटरी दोन तासही टिकत नव्हती. काहींच्या क्लिपा तुटलेल्या, ते रबरबँडने पट्ट्याला बांधलेले. मी ठाणेनिहाय तक्ता, दर, समर्थन असा सगळा प्रस्ताव केला. जानेवारीत फाइल परत आली. शेरा एका ओळीचा होता: जुन्या संचांचे निर्लेखन आदेश जोडावेत. म्हणजे जुने सेट वहीतून कायमचे वजा केल्याचे आदेश.

मला वाटलं, एक कागद तर हवाय, पंधरा दिवसांत आणू. इथेच फसले.

आता हे नीट वाचा. तुम्ही ‘बदली’ म्हणून वस्तू मागता, तेव्हा जुनी वस्तू कागदावर संपलेली असावी लागते. ती संपलेली नसेल तर तुमची मागणी ‘वाढीव’ ठरते, मग मंजूर संख्येचा प्रश्न येतो आणि फाइल भलत्याच वाटेला लागते. कागदावर वस्तू संपवायची तर प्रत्यक्ष पडताळणी, नोंदवहीचा उतारा, दुरुस्ती परवडणारी नाही असा तांत्रिक अभिप्राय, समितीची शिफारस आणि सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो. या सगळ्याचा पाया म्हणजे तो उतारा. जी वस्तू तुमच्या वहीत जमाच नाही, ती तुम्ही वजा करू शकत नाही. आमचे सेट आमच्या ताब्यात होते, वापरात होते, पण वहीत दुसऱ्याचे होते.

पुन्हा सांगते, कारण मला हे कुणी दोनदा सांगितलं नव्हतं: हस्तांतरणाच्या आदेशात ‘६४ संच’ एवढंच लिहिलं असेल तर तो आदेश निर्लेखनासाठी पुरत नाही. प्रत्येक संचाचा अनुक्रमांक लागतो.

यादी घेऊन मी जुन्या घटकाच्या भांडारात गेले. तीन आठवडे नंबर जुळवत बसले, एक जुळेना. शेवटी तिथल्या हवालदारांनी एक सेट हातात घेतला, बॅटरी काढली आणि आतलं स्टिकर दाखवलं. “मॅडम, बाहेरचा नंबर आपणच रंगवलेला. खरा नंबर हा.” शाखेतल्या कुणालाही हे माहीत नव्हतं. प्रशिक्षणाला माझा विरोध नाही, पण नव्या माणसाने पहिला महिना भांडारातल्या जुन्या हवालदारापाशी काढावा, हे माझं ठाम मत आहे.

तोवर मार्च उजाडला आणि तरतूद समर्पित करावी लागली, म्हणजे न वापरलेला निधी परत गेला. त्या वर्षीच्या विसर्जनाला तेच सेट गेले. रात्री दहाच्या सुमारास एका शिपायाचा सेट बंद पडला. गर्दीत मोबाइललाही रेंज नव्हती. निरोप द्यायला तो पुढच्या पॉइंटपर्यंत धावत गेला. कुणाला काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी तो सेट जमा करायला आला तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना.

घाबरू नका. फाइल परत येणं म्हणजे नापास होणं नाही. सगळ्यांची येते. फक्त जानेवारीत येऊ देऊ नका. पडताळणी जूनमध्ये उरका, म्हणजे आठमाही अंदाज (आठ महिन्यांच्या खर्चावरून केलेला सुधारित अंदाज) पाठवताना आदेश हातात असतो.

गाड्यांच्या बाबतीत घाई आणखी जास्त. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं झालेल्या सरकारी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. सूट आहे ती चिलखती आणि तशा विशेष वाहनांना. ठाण्याच्या साध्या जीपने तिच्यावर भरवसा ठेवू नये. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्यावी लागते. त्यामुळे आरसी बुकातल्या तारखांची यादी आजच करा आणि पुढच्या दोन वर्षांत कोणत्या गाड्या जाणार त्यावर खूण करा. डायल ११२ या आपत्कालीन मदत सेवेच्या गाडीतलं टर्मिनल (कॉलची माहिती दाखवणारं यंत्र) काढून वेगळं जमा करायला विसरू नका, नाहीतर ते गाडीबरोबर भंगारात जाईल आणि वसुली तुमच्या नावावर निघेल.

“सीएसआरमधून घे, कशाला फाइलींच्या मागे लागतेस,” असं सांगणारे वरिष्ठ भेटतीलच. सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामांवरचा खर्च. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात, त्यातून गाडी मिळूही शकते. पण डिझेल आपल्याच उद्दिष्ट २४ मधून (इंधनखर्चाचं खातं), दुरुस्ती आपल्याकडून, चालक आहे त्यातलाच. शिवाय देणगीची वस्तू वहीत जमा करायची राहिली की पाच वर्षांनी पुढचा लिपिक माझ्याच जागी उभा. मला हा आडमार्ग आवडत नाही. जिल्हा नियोजन समितीचा निधी मला त्यापेक्षा बरा वाटतो. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असल्यामुळे तिथे पाठपुरावा कुणाकडे करायचा हे तरी स्पष्ट असतं. अर्थात नोंदी तिथेही कराव्याच लागतात.

दुसऱ्या वर्षी आमचे सेट फेब्रुवारीत आले. ६४ नव्हे, ६१. तीन सेटांवरचे स्टिकर घामाने पुसले गेले होते, नंबर वाचताच आला नाही, म्हणून मी ते प्रस्तावातून काढले. ते तिन्ही अजून वाहतूक शाखेत वापरात आहेत.