बालपणीच्या कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा अभ्यास करताय? या चुका टाळा

लहानपणी किंवा ऐन तारुण्यात कॅन्सर झाला, उपचार लागू पडले, पोरगं घरी गेलं. वीस वर्षांनी त्याचं हृदय, हाडं, कान, नोकरी, संसार कसा आहे? नागपुरात या प्रश्नावर प्रबंध करणाऱ्यांनी पुढच्या गोष्टी सांभाळाव्यात.

ओपीडीत येतील तेवढेच मोजणं

सर्वांत मोठी चूक हीच. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून येणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तो येत नाही. पुण्यात नोकरीला लागलेला, ठणठणीत असलेलाही येत नाही. आणि जो दगावला तो कुठून येणार? म्हणून उपचार पूर्ण केलेल्यांची सगळी यादी आधी काढा. न सापडलेले, नकार दिलेले आणि मृत यांचे आकडे वेगवेगळे द्या. चिकाटी धरली तर पाठपुरावा आपल्याकडेही होतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक 1991 पासून चालू आहे.

फोनवर पहिल्याच वाक्यात आजाराचं नाव घेणं

जुन्या फायलीत बहुधा काकाचा नाहीतर शेजाऱ्याचा नंबर असतो. रोवणीच्या दिवसांत दुपारी कुणी उचलणार नाही, संध्याकाळी लावा. उचलल्यावर मात्र जपून. बरी झालेली मुलगी आता सासरी असेल आणि तिथे कुणाला काही माहीत नसेल. ‘कॅन्सर हॉस्पिटलमधून बोलतोय’ एवढ्यानं तिचा संसार विस्कटू शकतो. फक्त आपलं नाव सांगा, तिच्याशीच बोलायचंय म्हणा, ती आली की ‘आत्ता बोलता येईल का?’ विचारा. निरोप ठेवू नका.

‘किमो दिली’ एवढंच लिहिणं

डॉक्सोरुबिसिन, डाउनोरुबिसिन या किमोच्या औषधांचा एकूण डोस नोंदीत लागतो. दर चौरस मीटरला 250 मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर हृदयाचा धोका मोठा. छातीला रेडिएशन दिलं असेल तर किती आणि नेमकं कुठे, तेही हवं. सिस्प्लॅटिन कान आणि किडनीला बाधतं, सायक्लोफॉस्फमाइड मूल होण्याच्या क्षमतेला. फाइल सापडत नसेल तर डे-केअरचा किमो चार्ट शोधा, घरच्यांकडे जपलेलं डिस्चार्ज कार्ड मागा. ठरलेल्या प्रोटोकॉलवरून, म्हणजे उपचाराच्या छापील आराखड्यावरून, अंदाजे डोस भरू नका; मध्येच ताप आला, रक्तपेशी घटल्या की डोस कमी होतो.

तुलनेला कुणीच नसणं

अमेरिकेत 1994 मध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात तुलनेसाठी भावंडं घेतली होती. पद्धत घ्या, त्यांचे आकडे विदर्भावर चिकटवू नका. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ल्युकेमियातून बऱ्या झालेल्या तरुणाचा खुबा दुखतो तेव्हा उपचारातल्या स्टिरॉइडमुळे रक्तपुरवठा तुटून हाड मेलं असं धरून चालतात. सिकलसेलमध्येही खुब्याचं हाड असंच मरतं. तेव्हा रुग्ण आणि भावंडं, दोघांचीही सिकलसेल तपासणी नोंदवा.

आईवडिलांच्या सहीवर भागवणं

अठरा पूर्ण झाली की संमती त्याची स्वतःची, नव्यानं. मूल होण्याबद्दलचे प्रश्न आईसमोर विचारूच नयेत.

आणि पहिला फोन लावण्याआधी हृदयरोग विभागाशी बोलून ठेवा. पलीकडचा ‘जिना चढताना दम लागतो’ म्हणाला, तर कोणत्या वारी, कुणाकडे यायचं आणि इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) खर्च कोण करणार, हे त्याला त्याच फोनवर सांगता आलं पाहिजे.