सोलापुरात डोंगर नाही, तरी माउंटन बाइकची वाट कशी काढायची

मी पॉवरलूमवर जॉबर आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग दुरुस्त करायचे, हे तेवीस वर्षं चाललंय. मागांच्या खडखडाटात कान निम्मे गेले. त्यामुळं पहाटे माळावर सायकल मारताना जे काही ऐकू येत नाही, ते मला फार आवडतं.

सहा वर्षं झाली, आम्ही दहा-बारा जण तुळजापूर रस्त्याकडच्या एका गावाच्या माळावर सायकलची वाट राखतो. साडेतीन किलोमीटरची आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ठराव देतानाच गावानं बजावलं होतं, "गर्दी आणू नका." पण तुमच्या भागात अशी वाट काढायची असेल तर कशी काढायची, आणि आम्ही कुठं कुठं माती खाल्ली, ते सांगतो.

पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात. "काय मालक, सोलापुरात कुठला माउंटन?" नाहीच. पण वीस-पंचवीस मीटर उंचीचा माळाचा उतार असला तरी भागतं. हा खेळ रुजला तो कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीतल्या माउंट तमालपाईस डोंगराच्या आसपास. १९७० च्या दशकात तिथल्या पोरांनी जाड टायरच्या जुन्यापान्या सायकली उतारावरून सोडल्या. त्या सायकलींचा ब्रेक उलटं पायडल मारून लागायचा. खाली येईपर्यंत मागच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, ग्रीस जळून धूर निघायचा आणि हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून १९७६ साली तिथं शर्यत सुरू झाली, तिचं नावच ‘रीपॅक’ पडलं, म्हणजे परत भरा. पुढच्या वीस वर्षांत, १९९६ ला, हा खेळ अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोचला. मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात ग्रीस आहे.

सायकलीबद्दल फार बोलत नाही. पुढं सस्पेन्शन, मागं नाही, अशी साधी हार्डटेल, बरे डिस्क ब्रेक आणि २.१ ते २.२५ इंचाचे टायर. जुनी मिळाली तर जुनी घ्या. हेल्मेट मात्र नवंच. पैसे उरले तर कुदळी-फावडी आणा.

आधी विचारायचं

आम्ही विचारलं नव्हतं. माळ मोकळा दिसला, कुणाचं काही पीक नाही, मग घातल्या सायकली. तिसऱ्या रविवारी वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. आम्ही चिडलो, फांद्या ओढून काढल्या. पुढच्या रविवारी दुप्पट. तेव्हा कळलं की आमच्या सायकलींना बिचकून एका म्हाताऱ्या धनगराची मेंढी चरात पडून पाय मोडून बसली होती. आता आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्या दिवशी त्यांनी आम्हाला जे म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

तर क्रम असा ठेवा. आधी सातबारा बघा, जमीन खाजगी आहे की गायरान की वन विभागाची. गावचा नकाशा बघा, त्यात पांदण रस्ते दाखवलेले असतात. ते जुने, लोकांच्या पायाखालचे, आणि बऱ्याचदा तुमची निम्मी वाट तिथंच सापडते. गायरान असेल तर ग्रामपंचायतीकडं जा, सरपंचांना भेटा, आणि तोंडी ‘हो’वर थांबू नका, ठराव घ्या. खाजगी असेल तर मालकाच्या घरी जाऊन चहा प्या. वन विभागाची असेल तर लेखी परवानगीशिवाय कुदळ उचलायचीच नाही. आमचा एक अर्ज एका कार्यालयात आठ महिने पडून होता, शेवटी आम्हीच तो नाद सोडला आणि गायरानावर राहिलो. आज वाटतं, बरं झालं.

आणि माळ म्हणजे पडीक जमीन, हे डोक्यातून काढा. नान्नजकडं माळढोकाचं अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोक अंडं घालतो ते उघड्या जमिनीवर, घरटंबिरटं काही नाही. टिटवीचंही तसंच. चार दगडांत चार अंडी, तुमच्या चाकाला ती दिसणारच नाहीत. अभयारण्यात आणि त्याच्या आसपास सायकलची वाट काढायचा विचारही करू नका. बाकी कुठल्याही माळावर पावसाळ्यात खोदू नका, तो पाखरांच्या अंड्या-पिल्लांचा काळ. तेव्हा फक्त छत्री घेऊन चालायचं आणि पाणी कुठून वाहतं ते बघायचं.

सायकलला घुंगरू बांधा. आमच्या सगळ्यांच्या हँडलला आहे. मेंढरं लांबून ऐकतात आणि तात्याही शिव्या कमी देतात.

पाणी

मुख्य काम हेच, त्यामुळं जरा लांबण लावतो.

आमच्या भागात माती दोन जातींची. एक काळी, खोल. मंगळवेढ्याकडं मालदांडी ज्वारी पेरल्यावर पावसाविना उभी राहते ती या मातीच्या जोरावर, कारण ती ओल सोडत नाही. चाकही सोडत नाही. सप्टेंबरात काळ्या रानात सायकल घातलीत तर वीस पावलांत चाक फ्रेमला अडकतं आणि सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं. दुसरा माळाचा मुरूम. वाट काढायची ती मुरमावरच.

आम्ही पहिली वाट माळाच्या माथ्यावरून सरळ खाली काढली होती. जोरात जायला मजा यायची. परतीचा पाऊस झाला आणि त्या वाटेचा ओहळ झाला, गुडघाभर खोल. वाट काढायला गेलो आणि माळाची वाट लावून आलो.

माझी आजी बाहत्तरच्या दुष्काळात बांधबंदिस्तीच्या कामावर घमेली वाहायची. त्या माळावर आजही सलग समतल चर दिसतात, उताराला आडवे, एका पातळीत. चराचं काम पाणी अडवायचं. आपल्या वाटेचं काम त्याच्या उलट, पाणी आलं तसं तिला ओलांडून गेलं पाहिजे, तिच्यावरून वाहत बसता कामा नये. म्हणून वाटही उताराला आडवीच जाते, फक्त किंचित चढत किंवा उतरत. मेंढरांची पायवाट बघा, ती तशीच असते. शेवटी तात्यांनीच त्यांच्या मेंढरांमागून आम्हाला चालवलं आणि आम्ही मागं चिंध्या बांधत गेलो. टॉवेलची रंगीत किनार कापून फेकतात, तिच्या पट्ट्या झुडपाला बांधल्या की लांबून दिसतात. जुने बांध आणि चर मात्र कधीही फोडायचे नाहीत.

आता मापं. माळाचा जो उतार असेल त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला देऊ नका. माळ १६ टक्के उताराचा, म्हणजे शंभर मीटरला सोळा मीटर उतरणारा, असेल तर वाट ८ टक्क्यांच्या आत. आणि एकूण सरासरी १० टक्क्यांवर जाऊ नये. जगभर वाटा काढणारे हाच हिशेब धरतात. अगदी सपाट जागाही टाळा, तिथं पाणी साचून चिखल होतो.

चढ मोजायला यंत्र लागत नाही. दोन बांबू वरती एकत्र बांधा, मध्ये आडवी पट्टी ठोका, पायांमध्ये २ मीटर अंतर ठेवा. वरून दोरी सोडून तिला एक जड नट बांधा, झाला ओळंबा. जमिनीवर उभं करून दोरी पट्टीवर कुठं येते ती खूण करा, मग पाय उलटे करून त्याच जागी ठेवा, दुसरी खूण करा. दोन्हींच्या मधोमध पातळी. आता खालच्या बाजूच्या पायाखाली १० सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा लावा. दोरी मधल्या खुणेवर आली की तिथं चढ बरोबर ५ टक्के. असं पाऊल-पाऊल टाकत माळ पार करायचा.

वाटेची रुंदी साठ-सत्तर सेंटिमीटर पुरे. उताराच्या अंगात खोदून घ्या. निघालेला मुरूम खालच्या कडेला रचून त्यावर वाट करू नका, तो पहिल्या पावसात जातो. लांब उधळून टाका. वाटेची खालची कड वरच्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खोल ठेवा, म्हणजे पाणी बाजूला घरंगळतं. आणि दर दहा-पंधरा मीटरवर उतरत्या वाटेला एक छोटा चढ द्या, मग परत उतार. आमच्यात त्याला लाट म्हणतात. लाटेच्या खोलगट जागी पाणी वाट सोडून खाली जातं, आणि सायकलवर पोटात गुदगुल्या होतात त्याही तिथंच.

खालची कड बरोबर उतरलीय का ते बघायला आम्ही लिंबू सोडायचो. वाटेवर ठेवायचं, कुठं घरंगळतं ते बघायचं. एकदा चार-पाच लिंबं तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी गावात बोभाटा, माळावर कुणीतरी करणी केली. सरपंचांनी बोलावून घेतलं. तेव्हापासून आम्ही गोट्या वापरतो.

खोदकाम दिवाळीच्या आगेमागे करा, परतीच्या पावसाची ओल मुरमात असते तेव्हा. मे महिन्यात पहार मारली तर ठिणग्या उडतात, बाकी काही होत नाही. खोदल्यावर हलकं पाणी मारून धुम्मसनं ठोका आणि निदान आठवडाभर चाक लावू नका.

ओल्या वाटेचा नियम सोपा: टायरला माती चिकटली की परत फिरायचं. ओल्यात पडलेली चाकोरी वाळून विटेसारखी होते आणि वर्षभर दात वासून बसते.

काटे, ऊन

सराटे आणि वेडी बाभूळ, दोन्ही भरपूर. जमलं तर टायर ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हणजे काट्याचं भोक आतून बुजवणारं पातळ द्रव, घाला. आमच्या उन्हात ते लवकर आटतं, उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी बघा. ट्यूब असेल तर पंक्चर काढताना काटा शोधायला टायरच्या आतून बोट फिरवू नका, टेरी टॉवेलचा तुकडा फिरवा. त्याच्या फासांत काटा अडकतो. हे मला कुणी शिकवलं नाही, धंद्यातून आलं.

मार्चनंतर साडेपाचला चाक हललं पाहिजे आणि आठला सावलीत. माणशी तीन लिटर पाणी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत दिवसभर टिकते.

माणसं

सुरुवातीला आम्ही फक्त सायकल मारायला जमायचो. तेव्हा गट दोनदा मोडला. कारण वेग. चांगल्या सायकलवाला पुढं जायचा, जुन्यावाला मागं राहून पुढच्या रविवारी यायचाच नाही. खोदायला लागल्यापासून कुणी गेलेलं नाही. कुदळीवर सगळे सारखेच दमतात. औषध दुकानवाले एक काका आहेत, चढावर सायकल हातात धरून येतात, पण दगड बसवावा तर त्यांनीच. म्हणून माझं म्हणणं, नवा माणूस आला की त्याला सायकलच्या आधी घमेलं द्या.

आमचा रविवार असा: दीड तास काम, तासभर सायकल, मग गावातल्या टपरीवर चहा. पैशाचा हिशेब शाळेच्या वहीत, ती वही टपरीवरच, कुणीही उघडून बघावी. अध्यक्ष-बिध्यक्ष नाही. फोटोला फलक नाही. मध्यंतरी एक जण टी-शर्ट छापायचं म्हणत होता, आम्ही त्या पैशात चार फावडी घेतली, तो अजून थोडा नाराज आहे.

वाट गावाचीही असली पाहिजे. आमच्या वाटेवर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळतात. पलीकडच्या वस्तीवरून शाळेत येणारी मुलं तीच वापरतात. दोन जादा सायकली आम्ही टपरीमागं ठेवल्यात, कुलूप नाही. पहिल्या महिन्यात एक गेली होती. चौथ्या दिवशी परत आली, चेनला तेल घालून.

तात्यांचा नातू आता नववीत आहे. वाटेवर कुठं पाणी साचलं तर तोच पहिला सांगतो, "अण्णा, सातवी लाट भरलीय." परवा त्यानं परत सांगितलंय. मधल्या पावसात वरून मुरूम वाहून आला आणि खोलगट जागा बुजली. या रविवारी ती मोकळी करायचीय. फावडी पुरेशी आहेत, घमेली दोन कमी पडतील.