छपाईतला मराठी फाँट वेबसाइटवर कसा आणावा

एका दिवाळी अंकाची वेबसाइट करत होतो. मांडणीकारांनी फाँटचं फोल्डर पाठवलं आणि सांगितलं, ‘अंकात हेच अक्षर आहे, साइटवरही हेच दिसू द्या.’ मी ते फाँट माझ्या संगणकावर बसवले, पान उघडलं, अगदी छापील अंकासारखं दिसलं. संपादकांनी घरी तेच पान उघडलं, तर त्यांच्यासमोर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या चिन्हांच्या ओळीच्या ओळी. त्यानंतर अशी बरीच कामं केली. त्यातून जो क्रम हाताशी बसला, तो इथे देतो.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. छपाईला जाणाऱ्या पीडीएफमध्ये फाँट बरोबर बांधून दिलेला असतो. वेबपान मात्र वाचकाच्या यंत्रावर दर वेळी नव्याने जुळवलं जातं. पानात नुसतं फाँटचं नाव लिहिलं आणि तो वाचकाकडे नसला, तर ब्राउझर हाताशी असेल तो फाँट घेतो: विंडोजवर निर्मला किंवा मंगल, मॅकवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर बहुतेक वेळा नोटो.

पहिली पायरी: मजकूर युनिकोडमध्ये आहे का?

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत. मराठीत सगळं काम इथेच अडतं, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएमचे डीव्हीबी-टीटी यांचे जुने फाँट युनिकोड रुळण्याआधीचे. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचा आकार बसवलेला असतो. फाँट काढून घेतला की खाली इंग्रजी उरतं. असा मजकूर शोधयंत्राला सापडत नाही, अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही, आणि कुणी दोन ओळी उचलून मित्राला पाठवल्या तर त्याला काहीच कळत नाही.

परीक्षा सोपी आहे. एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसला तर तो युनिकोड आहे. इंग्रजी खिचडी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लागेल, आणि त्याला मूळ फाँटचं नेमकं नाव सांगावं लागेल, कारण प्रत्येक कंपनीचा अक्षरांचा नकाशा वेगळा होता.

कन्व्हर्टरवर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फाँटमध्ये जसं दिसतं तसं टंकलं जाई: ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो: आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलट. ‘सूर्य’मधला रफार जुन्या पद्धतीत य नंतर येई, युनिकोडमध्ये तो य च्या आधी ‘र्’ म्हणून येतो. त्यामुळे ‘आर्थिक’सारखा शब्द, ज्यात वेलांटी आणि रफार दोन्ही आहेत, हमखास बिघडतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक तर कन्व्हर्टरच्या एका चुकीने पुसला जातो आणि गुरुजी स्वयंपाकघरात जातात. ‘ॲ’चंही पाहावं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फायलींत ‘अ’वर वेगळा चंद्र ठेवलेला असतो. तो सगळीकडे एकाच रूपात आणावा. हे सगळं झाल्यावर मुद्रितशोधकाकडून मजकूर पुन्हा वाचून घ्यावा. त्याचे पैसे वाचवू नयेत.

दुसरी पायरी: परवाना

छपाईसाठी घेतलेल्या फाँटचा परवाना साधारणपणे किती संगणकांवर बसवायचा यावर ठरतो. फाँट सर्व्हरवर ठेवणं म्हणजे तो प्रत्येक वाचकाकडे पाठवणं, आणि त्यासाठी बहुतेक कंपन्या वेबचा वेगळा परवाना देतात. मांडणीकाराने फोल्डर दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. परवान्याचा कागद मागून घ्यावा.

वेब परवाना मिळत नसेल, किंवा त्या फाँटची युनिकोड आवृत्तीच नसेल, तर एक चांगला मध्यम मार्ग आहे. अंकाचं नाव आणि दोन-चार ठरलेली शीर्षकं त्या अक्षरात काढून आकृती म्हणून, शक्यतो एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फुटणाऱ्या चित्राच्या) स्वरूपात ठेवावी आणि तिला पर्यायी मजकूर द्यावा. त्यासाठीही परवान्यात लोगो करायची मुभा आहे ना, ते बघावं. आतला मजकूर मुक्त परवान्याच्या जवळच्या फाँटमध्ये लावावा. मुक्ता, बलू, टिरो देवनागरी मराठी, आयआयटी मुंबईचा शोभिका हे सगळे मोकळेपणाने वापरता येतात. मांडणीकारांना समोर बसवून त्यांतला एक निवडावा. त्यांची नजर आपल्यापेक्षा तयार असते.

तिसरी पायरी: फाइल हलकी करणं

टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल जशीच्या तशी चढवू नये. ती वॉफ-२ (WOFF2) या वेबसाठीच्या आटोपशीर स्वरूपात बदलावी. हे २०१८ पासूनचं अधिकृत वेब प्रमाण आहे आणि आजचे सगळे ब्राउझर ते वाचतात.

नको असलेली अक्षरं काढूनही फाइल आणखी छोटी होते, पण देवनागरीत इथे जपून. ‘क्ष’, ‘त्र’, ‘द्ध’, अर्धा ‘स’ यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक नसतात. फाँटच्या आतले नियम ती रूपं घडवतात. ज्या साधनाने ते नियमच छाटले, त्याने जोडाक्षरं मोडली. छाटणी करताना हे नियम, म्हणजे ओपनटाइपचे सर्व गुण (फीचर्स), राखावेत. राखायच्या अक्षरांच्या यादीत ०९०० ते ०९७एफ (0900–097F) हा युनिकोड क्रमांकांचा देवनागरी पट्टा तर असावाच, शिवाय २००सी (200C) आणि २००डी (200D) ही न दिसणारी जोडचिन्हं आणि रुपयाचं चिन्हही असावं. ‘र्‍या’ लिहिताना अनेकजण २००डी वापरतात. ते गेलं तर नेमका तोच शब्द वेगळ्या फाँटमध्ये उमटू शकतो.

चौथी पायरी: पानाला फाँट जोडणं

पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधल्या फाँट-फेस (@font-face) नियमात फाँटचं नाव, फाइलचा पत्ता आणि जाडी लिहावी. साध्या आणि ठळक अक्षराची वेगळी फाइल द्यावी. नाही दिली तर ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो आणि ‘ष’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या भरून जातात. फाँट येईपर्यंत पान कोरं राहू नये म्हणून त्याच नियमात फाँट-डिस्प्लेची (font-display) किंमत ‘स्वॅप’ (swap) ठेवावी, आणि आपल्या फाँटच्या नावामागे पर्यायी नावांची रांग लावावी. फाँट दुसऱ्या डोमेनवर असेल, तर त्या सर्व्हरने फाइलबरोबर परवानगीचा हेडर (ब्राउझरसाठीची सूचना) पाठवायला हवा. नाहीतर ब्राउझर ती फाइल नाकारतो.

पानाची भाषा मराठी आहे हेही लँग (lang) गुणधर्मात ‘एमआर’ (mr) लिहून सांगावं. मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदीहून वेगळे आहेत. दोन्ही रूपं असलेला फाँट या खुणेवरून आपलं रूप निवडतो.

अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवावं. इंग्रजी शीर्षकं पसरवून लिहिण्याची सवय मराठीत आणली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींमधलं अंतर मात्र सढळ असावं. मी अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीपासून सुरुवात करतो. वर रफार-मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार, दोन्हींना जागा लागते.

पाचवी पायरी: परक्या यंत्रावर तपासणी

स्वतःच्या संगणकावर विश्वास ठेवू नका. तिथे फाँट बसवलेला असतो, त्यामुळे फाँट-फेसचा नियम लिहायचा राहून गेला तरी पान बरोबर दिसू शकतं. फाँट काढून टाका, किंवा ज्याच्याकडे तो कधीच नव्हता अशा माणसाचा फोन घ्या. जुना विंडोज संगणक आणि साधा मॉनिटर नक्की शोधा. कागदावर नाजूक दिसणारी बारीक रेघ तिथे पुसट होते. तसं झालं तर मजकुरासाठी एक पायरी जाड वजन घ्यावं.

तपासणीसाठी मी एक ओळ कायम जवळ ठेवतो: ‘आर्थिक, दऱ्याखोऱ्या, कुऱ्हाड, ॲल्युमिनियम, उद्ध्वस्त, ट्रॅक्टर, शृंगार, लाल शाल, ₹ ५००’. ती पानावर टाकून प्रत्येक यंत्रावर मोठी करून बघतो. एखादंच अक्षर बाकीच्यांपेक्षा जाड किंवा उंच दिसलं, तर ते आपल्या फाँटमध्ये नाही आणि ब्राउझरने दुसरीकडून उसनं आणलं आहे. मग तिसऱ्या पायरीकडे परत जावं.