पूल टेबलाचं कुशन ‘मेलं’ असं म्हणण्याआधी या चुका टाळा

बॉल कुशनवरून (टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीवरून) सुस्त परतायला लागला की बहुतेक ठिकाणी निदान ठरलेलं असतं: रबर गेलं, सगळं बदला. खर्च मोठा, टेबल बंद, आणि कित्येकदा नवं रबर लावूनही खेळ तसाच, कारण दोष रबरात नव्हताच. तपासणी नेहमी स्वस्ताकडून महागाकडे करावी: बोल्ट, उंची, चिकटवण, आणि रबर सगळ्यात शेवटी.

न मोजता निदान करणं

फूटभर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची अँगल पट्टी घ्या. तिचं एक टोक क्यूच्या (खेळायच्या काठीच्या) खडूचे दोन ठोकळे एकावर एक ठेवून उचला. रेलपासून (कुशन चिकटवलेल्या लाकडी कडेपासून) फूटभर अंतरावरून, रेलला काटकोनात, पट्टीच्या वरच्या टोकावरून बॉल सोडा. तो परतून जिथे थांबेल तिथे कागदाची चिठ्ठी ठेवा (कापडावर खडूने खूण करू नका). प्रत्येक रेलवर तीन जागी, प्रत्येक जागी तीनदा असं करा. एकच रेल सबंध सुस्त असेल तर बोल्ट किंवा उंची पाहा. दोन-चार इंचांचाच टप्पा मेलेला असेल तर तिथे रबर लाकडापासून सुटलंय. सहाही रेल सारख्याच मंद असतील तर कापड मळलंय किंवा दमट आहे, नाहीतर रबर खरोखर म्हातारं झालंय. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हा शेवटचा निष्कर्ष काढायची घाई अजिबात करू नका. कोरड्या हवेत चाचणी पुन्हा घ्या.

बोल्टकडे दुर्लक्ष

अमेरिकन पद्धतीच्या नऊ फुटी टेबलाला सहा रेल असतात आणि साधारण प्रत्येकी तीन बोल्ट स्लेटच्या (कापडाखालच्या दगडी फरशीच्या) खालून येतात. ऋतूनुसार लाकूड फुगतं-आकसतं, बोल्ट सैल होतात आणि बॉलची ताकद रेल हलवण्यात वाया जाते. रेलवर तळवा ठेवून जवळच जोरात बॉल मारा. हाताला थरथर जाणवली किंवा आवाज ‘थप्’ असा बोदा आला तर बोल्ट आवळा. आधी मधला, मग बाजूचे, प्रत्येक फेरीत पाव वळसा. बळ लावून आवळलं तर लाकडातला नट उपसून येतो किंवा रेल पिळवटते, आणि मग उंचीच बिघडते.

उंची न तपासता रबर बसवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कुशनचं पुढे आलेलं टोक, म्हणजे नोज, खेळाच्या पृष्ठभागापासून बॉलच्या व्यासाच्या 63.5 टक्के उंचीवर हवं, एक टक्का इकडेतिकडे चालतं. पूलचा बॉल 57.15 मि.मी.चा, म्हणजे नोज सुमारे 36.3 मि.मी.वर, 35.7 ते 36.9 ही मर्यादा.

नोज बॉलच्या मध्यावर नसून वर का? सरळ लोळत आलेल्या बॉलवर पुढची फिरकी असते. मध्याच्या वर धक्का बसला की ती फिरकी उलटते आणि बॉल परतताना लवकर लोळू लागतो. गणिताने 70 टक्के उंचीला तो घसरणारच नाही, पण तेवढ्या उंचीचं कुशन बॉलला स्लेटवर दाबतं आणि वेग खातं. नोज खाली गेलं तर उलटी अडचण: जोराच्या शॉटला बॉल उडी मारतो. म्हणून 63.5 ही तडजोड.

बिघाड होतो कुठे? के-66 आणि के-55 या रबरांच्या घडणी वेगळ्या आहेत. एकासाठी कापलेल्या लाकडावर दुसरं चिकटवलं की नोज भलतीकडे जातं. दुकानदाराला ‘पूलचं रबर द्या’ एवढंच सांगू नका, जुन्या रबराचा तुकडा कापून सोबत न्या. बसवल्यावर प्रत्येक रेल तीन ठिकाणी मोजा.

याच कारणाने पूल टेबलावर स्नूकरचे 52.5 मि.मी.चे बॉल खेळवू नयेत. त्यांच्यासाठी तेच नोज 69 टक्क्यांवर येतं, बॉल दाबला जातो. मग ‘कुशन मेलं’ ही तक्रार येणारच.

पॉकेटच्या तोंडाशी जाड, मऊ पट्टी

कोपऱ्याचं पॉकेट बॉल थुंकतंय म्हणून तिथली रबरी पट्टी बदलताना पुष्कळजण जाड आणि मऊ पट्टी घालतात. पट्टी कुशनच्या रबरापेक्षा कडक असावी आणि जाडी 6 मि.मी.च्या आसपास थांबावी. पॉकेटच्या तोंडाशी कुशनच्या कापाचा कोन कोपऱ्यात 142 अंश, मधल्या पॉकेटला 104, दोन्हींत एक अंशाची सूट. पट्टीखाली पाचर सरकवून तोंड अरुंद करताना हा कोन जातो. मग चांगला शॉटही दोन जबड्यांत खडखडून बाहेर येतो.

डायमंड आणि नोज एकच समजणं

ही खेळाडूची चूक, पण मूळ रेलच्या रचनेत आहे. डायमंड म्हणजे रेलवरच्या खुणा, त्या नोजपासून सुमारे 94 मि.मी. मागे असतात. 45 अंशांच्या किकला (बॉल आधी कुशनवर मारून खेळलेल्या शॉटला) डायमंडवर रोखून मारलं तर रेषा नोजला 94 मि.मी. अलीकडेच छेदते. नऊ फुटी टेबलावर दोन डायमंडांत 317 मि.मी. अंतर असतं, म्हणजे जवळजवळ तीन दशांश डायमंडाचा फरक पडला. तुम्ही शिकलेली पद्धत डायमंडवर रोखते की त्याच्या समोरच्या नोजवर, हे आधी पक्कं करा. शिवाय मोजणी एका ठरावीक मध्यम वेगाने करा. जोर वाढला की रबर जास्त दबतं आणि बॉल आखूड कोनात परततो.