मामा तलावांतील गाळ काढताना या चुका टाळा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, मालगुजारांच्या (गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) काळात भातशेतीच्या ओलितासाठी बांधले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपून तलाव सरकारकडे गेले, गावाकडून होणारी देखभाल हळूहळू सुटली आणि गाळ साचत गेला. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे गाळ काढण्याला राज्यभर वेग आला. मात्र गाळ काढणे म्हणजे तलाव खोल करणे, हा समज घातक आहे.

तुडुमाच्या, म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडण्याच्या दाराच्या, सर्वांत खालच्या छिद्राखाली जितके खणाल, तितके पाणी खड्ड्यातच राहते. ते गुरांना आणि मासळीला उपयोगी पडते, पण बांधीपर्यंत (भाताच्या शेतापर्यंत) आपोआप पोहोचत नाही. म्हणून यंत्र उतरवण्यापूर्वी तुडूम आणि सांडवा या दोहोंच्या पातळ्या मोजून घ्याव्यात. पोकलेनच्या बकेटमध्ये बोटांना चिकटणाऱ्या काळसर मातीऐवजी पिवळट, खरखरीत मुरूम येऊ लागला की तेथेच थांबावे. मुरूम उघडा पडलेला तलाव पावसाळ्यात भरतो आणि पुढे पाणी झिरपून लवकर आटतो. असे झाल्यास उघड्या भागावर चिकणमातीचा थर ओलसर असताना दाबून बसवावा लागतो. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी तर खणूच नये, कारण पाळ त्याच मातीच्या आधारावर उभी असते.

काढलेला गाळ काठावर रचून ठेवल्यास पहिल्याच मोठ्या पावसात तो परत तलावात येतो. तो हलक्या, मुरमाड शेतात न्यावा. आधीच भारी असलेल्या जमिनीला त्याचा फारसा लाभ नाही. एका एकरावर एक इंच थर द्यायला सुमारे ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) गाळ लागतो, तेव्हा किती शेतकरी किती गाळ उचलणार, याची यादी उन्हाळ्यापूर्वीच तयार हवी. ज्या तलावात सांडपाणी येते, तेथील गाळ तपासणीशिवाय शेतात टाकू नये.

संपूर्ण तळ एकदम खरवडणे ही चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मला ती सर्वांत दुःखद वाटते. देवधान (रानटी भात), कमळ आणि पाण्याखालच्या वनस्पतींची बीजे व कंद वरच्या थरात असतात. त्यांच्या आधाराने स्थानिक मासळी वाढते आणि त्या मासळीवर ढिवर, म्हणजे मासेमार समाजातील, कुटुंबांची चूल पेटते. म्हणून उथळ काठ उताराचाच ठेवावा, काही पट्टे अजिबात हलवू नयेत आणि कोठे खणायचे हे ठरवताना ढिवरांना सोबत घ्यावे. बेशरम ही काठावर माजणारी झुडपी वनस्पती मात्र मुळासकट उपटावी, कारण तिचे तुटलेले तुकडेही ओलाव्यात रुजतात.

इतके करूनही तलाव पुन्हा गाळाने भरू लागला, तर दोष येव्याच्या, म्हणजे जिकडून पाणी तलावात येते त्या, बाजूला शोधावा. पहिल्या पावसात ओढ्याकाठी उभे राहून पाणी पाहावे. ज्या फाट्यातून लालसर, गढूळ पाणी येते, त्याच्या वरच्या अंगाला नांगरट किंवा उघडी जमीन सापडते. तेथे उताराला आडवी मशागत, गवताचा पट्टा आणि ओढ्यात लहान दगडी बांध घालावेत.